न सांगितलेली खोड

माझ्या भागीदारानं मला फसवलं. आम्ही दोघांनी मिळून उभी केलेली वस्तू त्यानं मला न विचारता पुण्याच्या एका कंपनीला विकली, नंतर मला न सांगता ती बदलली, आणि त्याचा डाग लागला माझ्या सासुरवाडीच्या एका बाईला. ही हकिगत मी आजवर बऱ्याच जणांना तोंडी सांगितली. सांगताना माझा आवाज चढतो, समोरचा माणूस मोबाईल काढून बसतो आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. म्हणून आता लिहून काढतो.

मी दूध संस्थांना सॉफ्टवेअर करून देतो. गाव नेसरीकडचं. वडील जनावरांच्या बाजारात सौदे जुळवायचे. आमच्याकडं अशा माणसाला हेडी म्हणतात. मी त्यांच्या मागं बाजार फिरलो तेव्हा दोन गोष्टी शिकलो. पहिली म्हणजे टॉवेलाखालचा सौदा. घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव ठरवतात. बघ्यांना काही कळत नाही, पण त्या दोघांत मात्र काही लपत नाही, कारण बोट दाबलं की समोरच्याचा हात कसा दचकतो ते लगेच कळतं. दुसरी गोष्ट खोडीची. सौदा झाला की देणाऱ्यानं दावं हातात देताना जनावराची खोड सांगायची. लाथ मारते, पाऊस लागला की पान्हा चोरते, परक्या बाईला धार काढू देत नाही, जे असेल ते. सांगितलेली खोड घेणाऱ्याच्या गळ्यात. न सांगितलेली निघाली, तर देणाऱ्यानं जनावर परत न्यायचं, तेही भर बाजारातनं, सगळ्यांच्या देखत. यात कागद कुठंच येत नाही. उलट कुणी कागद काढलाच, तर वडील उठून दुसऱ्या दावणीला जायचे.

कोल्हापुरात आलो, एका संगणकाच्या दुकानात आधी पेट्या उचलल्या, मग पेट्या विकल्या, मग स्वतःचं ऑफिस टाकलं. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. मला गिऱ्हाईक कळतं. लिहायला येत होतं ते भागीदाराला. दूध संस्थेत दोन यंत्रं असतात, दूध मोजायचा काटा आणि फॅट बघायचं मशीन. फॅट जेवढी जास्त, तेवढा दुधाला दर जास्त. प्रत्येक कंपनीचं मशीन आकडा आपापल्या पद्धतीनं पाठवतं, कुणी उलटा, कुणी टिंबाशिवाय, कुणी मधे भलतीच अक्षरं घालून. भागीदारानं एक छोटा तुकडा लिहिला, जो कुठल्याही मशीनचा आकडा वाचून आमच्या प्रोग्रॅमला सरळ करून द्यायचा. आम्ही त्याला रीडर म्हणायचो. पावती, बिल, सभासदांचा हिशेब हे बाकीचं सगळं त्या रीडरच्या जिवावर उभं होतं. रीडरनं फॅट सांगितली सहा नऊ, म्हणजे सहावर नऊ पॉइंट, की प्रोग्रॅम सहा नऊच छापणार. त्याला दुसरं काही ठाऊकच नाही.

सुरुवातीला रीडरमध्ये काही सुधारलं, की पेनड्राइव्ह खिशात घालून मोटारसायकलवर गावोगाव जावं लागायचं. राधानगरीच्या बाजूला पावसात दोनदा गाडीसकट ओढ्यात गेलो. मग भागीदारानंच युक्ती काढली. रीडर इंटरनेटवर त्याच्या खात्यात ठेवायचा, आणि गावातला संगणक सकाळी सुरू झाला, की त्यानं तिथनं ताजा रीडर आपोआप उचलायचा. चहाच्या गाड्यावर आम्ही हे ठरवलं. मी गळ्यातला टॉवेल काढून त्याच्या हातावर टाकला आणि म्हणालो, "सौदा काय?"

तो हसला. म्हणाला, "रीडर दोघांचा. सांभाळनार मी. तुला सांगितल्याबिगर त्यातला एक आकडा हालनार न्हाय."

मी बोटं दाबली, त्यानं दाबली. हात दचकला नाही. हे मी शपथेवर सांगतो.

पुढं आमचं जमेना. मी गिऱ्हाइकाशी भांडतो असं त्याचं म्हणणं, आणि तो गिऱ्हाइकापुढं गप्प बसतो असं माझं. दोन्ही खरं होतं. तो नोकरीला लागला, घरी बसून काम करायचं, पगार पुण्याहून. आम्ही भांडून वेगळे झालो नाही. सणाला फोन व्हायचा. रीडरबद्दल बोलायची मला गरजच वाटली नाही, तो त्याच्या खात्यात होता आणि आमचा सौदा झालेला होता. ऑफिसात मी एक इंजिनियर मुलगी ठेवली. तिनं आल्या आल्या मला सांगितलं होतं, "सर, हा रीडर रोज नवा उचलणं धोक्याचं आहे. चालतंय ते व्हर्जन लॉक करू या, म्हणजे नवं आपोआप येणार नाही, आणि एक प्रत आपल्याकडं ठेवू या." मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, कुलूप चोरासाठी असतं, भागीदारासाठी नाही.

माझी सासुरवाडी राधानगरीच्या वरच्या अंगाला. तिथं बायकांची दूध संस्था आहे, आणि तिची सेक्रेटरी माझ्या बायकोची चुलत बहीण. बायकोपेक्षा मोठी, म्हणून मीही तिला अक्का म्हणतो. नवरा गेल्यावर अक्कानं ही संस्था उभी केली. तिची एक रीत होती. फॅटचा आकडा पावतीवर यायच्या आधी ती मोठ्यानं वाचायची, रांगेतल्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल असा. गावात खाजगी डेअऱ्या येऊन गेल्या, त्यांनी जादा दर दाखवला, पण बायका हलल्या नाहीत. कारण अक्का आकडा ओरडून सांगते.

तिचा फोन आला तेव्हा मी एका संस्थेच्या चेअरमनशी घासाघीस करत होतो. फोन कट केला. परत आला. परत कट केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा चेअरमनला थांबवून उचलला, कारण अक्का फोनवर कधी घाई करत नाही.

"पावणं, मशीनवर एक आन् पावतीवर एक येतंय."

"म्हंजे काय, अक्का?"

"मशीनवर सहा सत्त्याऐंशी. पावतीवर सहा आठ. आजवर आपलं सहा नऊ व्हायचं. एका बाईनं रांगंत धरलं मला. म्हनली, माझा पॉइंट कुटं गेला? मी म्हनलं, गं बाई, मला काय ठावं. तर म्हनती, तुला न्हाय ठावं तर काय म्हशीला ठावं?"

मागं बायकांचा कालवा ऐकू येत होता. अक्का दबक्या आवाजात बोलत होती. तिला मी दबक्या आवाजात बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"कवापास्नं होतंय हे?"

"कुनी म्हनतंय चार दिस, कुनी म्हनतंय म्हैनाभर. पावणं, मी काय फॅट मारनारी हाय व्हय?"

मी ऑफिसात येऊन त्या मुलीवर तुटून पडलो. काय केलंस, कशाला हात लावलास, विचारत राहिलो. ती शांतपणे म्हणाली, "सर, आपण काहीच बदललेलं नाही." मग तिनं बघितलं आणि म्हणाली, "रीडर बदललाय."

"कुनी बदलला?"

"ज्यांचा आहे त्यांनी."

"ज्यांचा म्हंजे? माझा हाय त्यो!"

"सर, खातं त्यांचं आहे."

पूर्वीचा रीडर शेवटचा आकडा अर्ध्याच्या वर असला, की पुढचा पूर्ण पॉइंट धरायचा. सहा सत्त्याऐंशीचे सहा नऊ. नवा रीडर शेपटी सरळ कापून टाकत होता. सहा सत्त्याऐंशीचे सहा आठ. ज्यांचा शेवटचा आकडा अर्ध्याच्या खाली होता त्यांना काही फरक नाही, म्हणून लवकर कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांचा वर होता, त्यांचा रोज एक पॉइंट जात होता. तेही माझ्या सगळ्याच गावांत. बाकीच्या गावांत कुणी अजून मशीनकडं बघितलं नव्हतं, एवढंच.

तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. तिला म्हटलं, आपल्या प्रोग्रॅममध्ये असं दुसऱ्याचं आणखी काय काय आहे ते दाखव. तिनं पडद्यावर दाखवलं. मला वाटलं होतं एखाद-दुसरा तुकडा असेल. ती पडदा खाली सरकवत राहिली.

"हे काय करतंय?"

"तारीख सांभाळतं."

"कुनाचं हाय?"

"माहीत नाही सर. परदेशातला कुणीतरी आहे. फुकट दिलंय त्यानं."

"आन् हे?"

"मराठी अक्षरं छापायला. ते आणखी दोन तुकड्यांवर अवलंबून आहे."

"त्ये दोन कुनाचे?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सर, चहा सांगू का?"

इतकी वर्षं मी संस्थांच्या चेअरमनपुढं छाती काढून सांगत आलो की हा माल माझा आहे, काही झालं तर मला धरा. आणि माल होता न पाहिलेल्या माणसांचा, त्यांच्याशी माझा हात कधी टॉवेलाखाली गेलाच नव्हता. त्यातल्या कुणालाही उद्या सकाळी काहीतरी सुचेल आणि माझ्या गावातली पावती बदलेल. त्या दिवसापासून सकाळी फोन वाजला, की तो उचलेपर्यंत माझ्या हाताला घाम सुटतो. बहुतेक वेळा बायकोच्या माहेरचा असतो, नाहीतर बँकेचा. पण घाम सुटतोच.

मुलीनं त्याच खात्यातनं जुना रीडर शोधून काढला, लॉक केला आणि संध्याकाळच्या संकलनाच्या आत सगळ्या गावांत पोचवला. मी तिला शाबासकी द्यायला हवी होती. पण मी अक्काला फोन करत होतो, "झालं बगा अक्का, आता सहा नऊच येनार, काळजी करू नगासा."

दुसऱ्या दिवशी अक्काचाच फोन आला.

"पावणं, का नीट केलंसा हो?"

मला कळेना.

"काल संध्याकाळपास्नं सगळ्यांची फॅट वाढली. रांगंत हसत्यात. म्हनत्यात, बगा, बोंब मारली की म्हस सुधारली."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पावती चुकत होती तोवर अक्काला निदान यंत्राचं नाव तरी पुढं करता येत होतं. ओरडा झाला आणि त्याच सांजेला पावती सुधारली, म्हणजे सुधारणारा हात गावातलाच, असं गावानं धरलं. आणि मशीनपुढं हात होता तो एकट्या अक्काचा. पुढं मी बिलात गेलेले पॉइंट भरून दिले, तर तेही तिच्याच अंगावर आलं. खाल्लेलं बाहेर काढलं, असं बोलू लागले, आणि महिनाअखेरीला सभा घेऊन तिला जाब विचारायचं ठरलं.

मी कसबा बावड्याला भागीदाराच्या घरी गेलो. कारखान्याच्या अलीकडं नव्या इमारती झाल्यात, त्यातल्या एकीत त्याचा फ्लॅट. उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून उभे, म्हणून गाडी लांब लावली आणि चालत गेलो. चालताना काय काय बोलायचं ते जुळवत होतो, पण त्यानं दार उघडल्यावर सगळं विसरलो.

"ये की मर्दा! किती दिसांनी!"

"रीडरला काय केलंस?"

त्याचा चेहरा पडला. त्याच्या बायकोनं पाणी आणलं. ती आत गेल्यावर त्यानं सांगितलं.

"मी हाय त्या कंपनीनं घेतलाय त्यो. त्यांची मोठी गिऱ्हाइकं हायत, त्यांच्यात पुरा झाल्याबिगर पॉइंट धरत न्हाईत. म्हनून कापाय लावला."

"इकलास?"

"माझ्या खात्यावर हुता भावा."

"दोघांचा हुता!"

"कागद हाय?"

हे ऐकून मी उभा राहिलो. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. तो घाबरून सोफ्यावर मागं सरकला. मी परत बसलो. मारामारी करून माझं काम होणार नव्हतं, मला तो धडधाकट अक्काच्या गावात न्यायचा होता.

"बरं, इकलास. पर त्यांच्यासाठी एक आन् आमच्यासाठी एक, असं दोन ठेवायला काय धाड भरली हुती?"

"दोन कोन सांभाळनार? पगार एकाचाच मिळतोय."

"मग निदान सांगायचं."

"लिवलं हुतं की."

"कुटं?"

"तितंच. काय बदललं त्ये लिवायची जागा असती. तुझी पोरगी वाचती की इंग्लिश."

"ती रोज तुझं दार वाजवून बगनार व्हय, आज काय चिकटवलंय म्हनून?"

"व्हर्जन लॉक करायचं असतंय. सगळं जग करतंय. तूच उगडं ठेवलास."

वर्षानुवर्षं माझ्याबरोबर गाड्यावर चहा प्यायलेला माणूस मला सांगत होता, की माझ्यावर विश्वास ठेवलास ही चूक तुझी. रोज नवा रीडर उचलायची युक्ती काढणारा हाच. मी त्याला अक्काचं सगळं सांगितलं. रांग, हसणं, महिनाअखेरीची सभा. तो खाली मान घालून ऐकत होता. माणूस वाईट नाही, म्हणून तर राग जास्त येतो.

मग मी सौद्याला बसलो. म्हणालो, इकल्याचं सोडलं. जे झालं ते झालं. तू फक्त सभेला चल. सगळ्यांपुढं सांग, की बदल मी केला आणि ह्या बाईचा त्यात हात नाही.

तो म्हणाला, "मेल करतो."

"सभेत मेल कोन वाचनार?"

"व्हिडिओ पाठवतो मग. न्हाय, त्यो बी नको. हे बग, सही दिलीया मी कंपनीला. मालात खोट हाय असं चारचौगात बोलता येत न्हाय. नोकरी जाईल. हप्ते हायत."

"खोट हाय म्हनू नकोस. बदलला म्हन."

"त्येच झालं की."

मी एकेक पायरी खाली आलो. माईक नको. सभा नको, सकाळच्या रांगेत ये. बोलू नको, मी बोलतो, तू मान हलव. माझ्या आयुष्यात एवढा खाली उतरून मी कुठला सौदा केला नाही. शेवटी गळ्यातला टॉवेल काढला, माझ्या हातावर टाकला आणि हात पुढं केला.

त्यानं टॉवेलाकडं बघितलं. आतनं बायकोनं चहाचं विचारलं. तो उठून आत गेला आणि चहा घेऊनच बाहेर आला, दोन्ही हातांत दोन कप. मी चहा घेतला नाही.

सभेला मी एकटाच गेलो. संस्थेच्या ओसरीत सतरंज्या टाकल्या होत्या. पुढं बायका, कडेला त्यांचे नवरे, प्रत्यक्षात बोलणारे तेच. मी लॅपटॉप उघडून दोन्ही रीडर चालवून दाखवले. हा जुना, हा नवा, आकडा तोच, पावती वेगळी. सगळ्यांनी शांतपणे बघितलं. कुणी आडवं बोललं नाही, आवाज चढवला नाही. आणि तिथंच मी ओळखलं, की आपण हरलो. मी त्या गावचा जावई. जावयाला तोंडावर खोटं पाडत नाहीत, त्याला च्या देतात.

एक म्हातारा उठला. म्हणाला, "पावणं लांबनं आलं, त्यांचं आपन ऐकलं. पावण्यानं मेव्हणीची बाजू धरली, त्यात वावगं काय न्हाय. आमी बी धरली असती."

मी म्हणालो, "बाजू न्हाय ओ, खरं हाय. डोळ्यांनी बगितलासा की."

"बगितलं की. तुमचीच पेटी, तुमीच वाजवनार. पावणं, च्या घ्या, गार होतोय."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी संतापून बोलायला लागलो, जीभ घसरली, म्हाताऱ्याच्या वयाचाही मान ठेवला नाही. तेव्हा अक्का उठली. तिनं कमरेची संस्थेची किल्ली काढली, फॅटच्या मशीनवर ठेवली आणि म्हणाली, "पावणं, बास. माझ्यापायी कुनाला वाईट बोलू नगासा." आणि जाऊन बायकांच्यात मागं बसली.

मी दुसरा कुणी आणला असता, ज्याचं गावाशी काही नातं नाही, ज्यानं स्वतःच्या तोंडानं स्वतःवर घेतलं असतं, तर किल्ली तिच्या कमरेलाच राहिली असती. तसा माणूस जगात एकच होता आणि तो बावड्यात दोन्ही हातांत कप धरून उभा होता.

आता मशीनवर दुसरी बाई बसते. आकडा ती ओरडून सांगत नाही, पावती फाडून देते. परवा मी पहाटे तिकडं होतो. अक्का किटली घेऊन रांगेत उभी होती, इतरांसारखी. तिची पाळी आली, दूध घातलं, पावती घेतली आणि न बघता कनवटीला लावली. मला बघून म्हणाली, "च्याला या घरी." बस, तेवढंच.

माझा प्रोग्रॅम आता कुलूपबंद आहे. प्रत्येक तुकड्याची प्रत माझ्या ऑफिसात आहे, नवं काही घ्यायचं तर ती मुलगी आधी वाचते आणि मला मराठीत सांगते. तरी फोनचा घाम गेलेला नाही. तो जायचा असेल तर एकाच गोष्टीनं जाईल.

म्हणून तुला सांगतो, भागीदारा. हे तू वाचशील, न वाचलंस तर तुझी बायको वाचेल. तू म्हणतोस खोड लिहिली होती. भिंतीआड कागद चिकटवणं म्हणजे खोड सांगणं नव्हे, दावं देताना तोंडानं सांगायची असते, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं, नाहीतर त्या दिवशी गाड्यावर बोटं कशाला दाबलीस? माझं मी बघून घेतो, रीडर तुला लखलाभ. पण त्या बाईचं काय? राधानगरीची पहिली एस.टी. धर. संकलनाच्या वेळी रांगेपुढं उभा राहा आणि अक्का आकडा सांगायची तेवढ्या मोठ्यानं सांग, की बदलला तो मी, आणि सांगितलं नाही तेही मीच. ती रांगेत उभी आहे, रोज सकाळी, हातात किटली घेऊन. तिला उत्तर कोण देणार, ते तू सांग.